आतड्यातील जिवाणूंचे ताट: पानातली कर्बोदके आणि आतड्याच्या अस्तरातल्या शर्करा

ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, चिरलेला कांदा आणि थोडा भात असे साधे जेवण घेतले, तर त्यातील कर्बोदके दोन वेगळ्या वाटांनी जातात. भातातील आणि भाकरीतील बहुतेक पिष्ट लाळेतल्या व स्वादुपिंडातल्या अमायलेजमुळे तुटते, लहान आतड्यात त्याचे ग्लुकोज होते आणि ते रक्तात मिसळते. एवढा भाग शाळेच्या पुस्तकात असतो. ज्वारीच्या कोंड्यातील अरॅबिनोझायलन, मटकीतील रॅफिनोज आणि स्टॅकिओज, कांद्यातील फ्रुक्टन, भाज्यांच्या पेशीभित्तिकांतील पेक्टिन आणि सेल्युलोज, शिवाय पिष्टाचाही न पचलेला थोडा हिस्सा, हे सारे मात्र लहान आतडे ओलांडून जवळजवळ जसेच्या तसे मोठ्या आतड्यात उतरते. यालाच आपण चोथा म्हणतो, म्हणजे रस निघून गेल्यावर उरलेला, कामाचा नसलेला भाग, आणि चोथ्याचे पदार्थ खावेत असे कोणी सांगितले की त्याचा उपयोग पोट साफ होण्यापुरता आहे असे गृहीत धरतो. माझ्या मते हा शब्दच आपल्याला भलत्या दिशेला नेतो. मोठ्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंचे हेच रोजचे अन्न आहे, आणि ते पोहोचले नाही तर ते जिवाणू उपाशी बसत नाहीत, तर आतड्याच्या अस्तरावर शरीराने स्वतः तयार केलेल्या शर्करांकडे वळतात. आपल्या पानातले अन्न आणि आपल्या अंगातले अन्न या दोहोंमध्ये हे जिवाणू निवड कशी करतात, हे गेल्या चाळीसेक वर्षांत बरेच उलगडले आहे.

प्रथम हे पाहू की जे आपल्याला पचत नाही ते का पचत नाही. पिष्ट आणि सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजच्याच माळा आहेत. पिष्टात एक ग्लुकोज पुढच्या ग्लुकोजला ज्या बाजूने जोडलेला असतो, त्याच्या उलट बाजूची जोडणी सेल्युलोजमध्ये असते. फरक एवढाच, पण तो आपल्या दृष्टीने भात आणि कापूस यांच्यातला फरक ठरतो. कारण प्रत्येक प्रकारची जोडणी तोडायला तिच्या आकारात बसणारे वेगळे एन्झाइम लागते. अन्नातील कर्बोदके पचवण्यासाठी माणसाच्या जनुकसंचात फार तर १७ एन्झाइमे आहेत आणि ती प्रामुख्याने पिष्ट, साखर आणि दुधातील लॅक्टोज यांच्याच कामाची आहेत. वनस्पतींच्या पेशीभित्तिकांमध्ये मात्र झायलोज, अरॅबिनोज, गॅलॅक्टोज, ऱ्हॅम्नोज, मॅनोज अशा अनेक शर्करा नाना तऱ्हांच्या जोडण्यांनी गुंफलेल्या असतात. आधुनिक आहार घेणाऱ्या माणसाच्या मोठ्या आतड्यात अशी न पचलेली कर्बोदके दिवसाला साधारण २० ते ६० ग्रॅम पोहोचतात, आणि तिथे सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू त्यांची वाट पाहत असतात. या सर्व जिवाणूंचे एकत्रित वजन पाव किलोच्याही आत भरते.

या गर्दीतील ज्या एका जिवाणूचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला त्याचे नाव बॅक्टेरॉइड्स थीटायोटाओमायक्रॉन. थीटा, आयोटा आणि ओमायक्रॉन ही तीन ग्रीक अक्षरे जोडून झालेले हे नाव उच्चारायला जड असल्यामुळे संशोधक त्याला बी. थीटा म्हणतात आणि आपणही तसेच म्हणू. अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ॲबिगेल सॅलियर्स यांनी १९७० च्या दशकात मोठ्या आतड्यातील बॅक्टेरॉइड्स जिवाणू वनस्पतींच्या कोणकोणत्या बहुशर्करांवर, म्हणजे शर्करांच्या लांब माळांवर, आणि आतड्याच्या अस्तरावरील चिकट श्लेष्म्यातील कोणकोणत्या शर्करांवर वाढू शकतात हे पद्धतशीरपणे तपासायला सुरुवात केली, आणि पुढे इलिनॉय विद्यापीठात बी. थीटा पिष्ट कसे खातो याची यंत्रणा एकेक जनुक बाजूला काढून उलगडली. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने २००३ मध्ये या जिवाणूचा पूर्ण जनुकसंच वाचला, तेव्हा कर्बोदके तोडण्याच्या कामाला त्याने किती मोठी जागा दिली आहे ते स्पष्ट झाले. शर्करांच्या जोडण्या तोडणारी अडीचशेहून अधिक एन्झाइमे त्याच्याकडे आहेत. आपल्या सतरांच्या शेजारी ही संख्या ठेवली की मोठ्या आतड्यातील पचनाचे काम कोण करते हे वेगळे सांगावे लागत नाही.

ही एन्झाइमे त्याच्या जनुकसंचात इतस्ततः विखुरलेली नाहीत. एका विशिष्ट कर्बोदकाला ओळखणे, पकडणे, तोडणे आणि आत घेणे यासाठी लागणारी सगळी जनुके शेजारी शेजारी एका गटात असतात आणि एकत्रच चालू किंवा बंद होतात. बी. थीटाकडे असे ८८ गट मोजले गेले असून त्याच्या एकूण जनुकसंचाचा सुमारे १८ टक्के भाग त्यांनीच व्यापला आहे. सुताराच्या पेटीत प्रत्येक कामाचे हत्यार निराळे असते तसे यातील प्रत्येक गटाचे काम ठरलेले आहे, आणि समोर काम आल्याशिवाय ते हत्यार बाहेर काढले जात नाही, कारण नको असलेले एन्झाइम तयार करण्यात जिवाणूची ऊर्जा वाया जाते.

सॅलियर्स यांनी उलगडलेली पिष्टाची यंत्रणा यातील आद्य नमुना आहे आणि ती नीट समजली की बाकीच्या समजायला वेळ लागत नाही. पिष्टाचा रेणू जिवाणूच्या आवरणातून आत शिरण्याच्या मानाने फार मोठा असतो, म्हणून जिवाणूच्या बाह्य आवरणावर त्याला धरून ठेवणारी काही प्रथिने बसवलेली असतात. ती पिष्टाची माळ घट्ट पकडतात, त्यांच्याच शेजारी असलेले एक एन्झाइम तिचे मध्यम लांबीचे तुकडे पाडते, आणि ते तुकडे आवरणातील एका दारातून आतल्या पोकळीत ओढले जातात. उरलेली बारीक तोड या पोकळीतच होते, त्यामुळे सुटी झालेली शर्करा शेजारच्या जिवाणूच्या हाती फारशी लागत नाही. पोकळीत तयार झालेला माल्टोज, म्हणजे दोन ग्लुकोजची जोडी, एका नियंत्रक प्रथिनाला कळला की हे प्रथिन यंत्रणेची जनुके आणखी जोराने चालू करते. म्हणजे अन्नाची पहिली चव लागल्यावरच पूर्ण स्वयंपाकघर उघडते. आवरणातील या दाराची रचना २०१७ मध्ये स्पष्ट झाली. दाराच्या तोंडावर एक प्रथिन झाकणासारखे बसलेले असते आणि ते बिजागरीवर उघडते-मिटते; पायाने दाबल्यावर झाकण उचलले जाणाऱ्या कचऱ्याच्या डब्याची उपमा संशोधकांनीच त्याला दिली, आणि ती अचूक आहे.

याच यंत्रणेचे एक उदाहरण आपल्या फार जवळचे आहे. चिंचोका भाजून, टरफल काढून, दळून, त्याचे पीठ पाण्यात शिजवले की चिकट खळ तयार होते. धनगरी घोंगडीला ताठपणा देण्यासाठी हीच खळ लावण्याची जुनी पद्धत आहे. या खळीतील चिकटपणा झायलोग्लुकन नावाच्या बहुशर्करेचा असतो. तिचा कणा सेल्युलोजसारखाच ग्लुकोजचा असतो, पण त्याला झायलोजच्या आणि काही ठिकाणी त्यापुढे गॅलॅक्टोजच्या शाखा फुटलेल्या असतात, त्यामुळे ती सेल्युलोजसारखी कोरडी आणि ताठ न राहता पाण्यात फुगते. चिंचोक्यात ती साठवणीच्या रूपात भरपूर असते, आणि टोमॅटो, वांगे, कांदा, सॅलडची पाने यांच्या पेशीभित्तिकांतही ती असतेच, म्हणजे भाजी खाणारा प्रत्येक माणूस ती रोज खातो. प्रयोगशाळेत झायलोग्लुकनचा अभ्यास करताना चिंचोक्यातून काढलेलेच झायलोग्लुकन सर्रास वापरले जाते. बी. थीटाचा भाऊबंद असलेला बॅक्टेरॉइड्स ओव्हॅटस ते कसे खातो याचा पूर्ण तपशील २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला: आवरणावरचे एक एन्झाइम कणा ठरावीक ठिकाणी तोडते, शाखांसकट तुकडे आत जातात, आणि आत एकापाठोपाठ एक एन्झाइम आधी गॅलॅक्टोज, मग झायलोज, मग ग्लुकोज असे सोलून काढते. हे करणारा जनुकगट बॅक्टेरॉइड्सच्या कुळात थोड्याच जातींकडे आहे, पण अशी एखादी जात जवळजवळ प्रत्येक माणसाच्या आतड्यात सापडते. म्हणजे भाजीतील हा एक घटक पचवण्यासाठी आपण सर्वस्वी मोजक्या जिवाणूंवर अवलंबून आहोत.

अशी हत्यारे नव्याने मिळतात कशी, याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानचे आहे. सुशीभोवती गुंडाळलेल्या नोरी या समुद्री शेवाळात पॉर्फिरॅन नावाची बहुशर्करा असते. ती तोडणारे एन्झाइम समुद्रातील एका जिवाणूत सापडले होते. २०१० मध्ये असे दिसून आले की जपानी लोकांच्या आतड्यातील बॅक्टेरॉइड्स प्लेबियस या जिवाणूनेही ते जनुक मिळवलेले आहे, तर तुलनेसाठी तपासलेल्या उत्तर अमेरिकेतील लोकांमध्ये ते नव्हते. शेवाळ कच्चे खाल्ल्यावर त्यावरचे समुद्री जिवाणू पोटात जात राहिले आणि त्यांच्यातले जनुक आतड्यातील रहिवाशाने उचलले, असा याचा अर्थ लावला जातो.

येथवर एकट्या जिवाणूची गोष्ट झाली, पण मोठ्या आतड्यात कोणीही एकट्याने जेवत नाही. न पचलेल्या पिष्टाचे घट्ट कण फोडण्याचे काम रुमिनोकॉकस ब्रोमाय हा जिवाणू ज्या ताकदीने करतो तसे दुसऱ्या कोणाला फारसे जमत नाही. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेतील संशोधनातून असे दिसले की तो नसेल तर इतरांनाही हे पिष्ट नीट वापरता येत नाही, आणि तो असेल तर त्याने सोडलेल्या तुकड्यांवर बाकीचे वाढतात. बिफिडोबॅक्टेरियम कर्बोदकांपासून लॅक्टेट आणि ॲसिटेट तयार करतात, तर फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झाय, युबॅक्टेरियम आणि त्यांच्यासारखे इतर जिवाणू ॲसिटेट आणि काही जण लॅक्टेटही वापरून ब्युटिरेट तयार करतात. एकाची विष्ठा ही दुसऱ्याचे अन्न, असा हा व्यवहार आहे. शेवटी या साऱ्या किण्वनातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही तीन लहान साखळीची मेदाम्ले उरतात, साधारण ६०, २० आणि २० या प्रमाणात, आणि त्यांचा बहुतेक भाग आतड्याच्या भिंतीतून शरीरात शोषला जातो.

त्यातील ब्युटिरेटविषयी थोडे थांबून सांगायला हवे. शरीरातील बहुतेक पेशी ग्लुकोजवर जगतात, पण मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपल्या गरजेच्या सुमारे ७० टक्के ऊर्जा ब्युटिरेटपासून घेतात, म्हणजे आपल्या शरीराचा एक अवयव जिवाणूंच्या उत्पन्नावर चालतो. ब्युटिरेट जाळताना या पेशी प्राणवायू खर्च करतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत प्राणवायू फारसा पाझरत नाही आणि प्राणवायूशिवाय जगणारे हे तंतू, म्हणजे हाच न पचलेला चोथा, खाणारे जिवाणू तिथे सुखाने राहू शकतात. तंतू कमी पडले, ब्युटिरेट घटले की अस्तराच्या पेशी ग्लुकोज वापरू लागतात, प्राणवायू शिल्लक राहून पोकळीत येतो आणि साल्मोनेलासारख्या रोगकारक जिवाणूंना पाय रोवायला वाव मिळतो. किण्वनात हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या आतड्यात मिथेनही तयार होतो. कडधान्यांनी पोट फुगते ते याच वायूंनी, कारण रॅफिनोज आणि स्टॅकिओज तोडणारे एन्झाइम आपल्याकडे नसल्यामुळे ते पुरतेच्या पुरते जिवाणूंच्या हवाली होतात. मटकीला मोड आणण्याची आपली पद्धत इथे नेमकी उपयोगी पडते: बी रुजताना याच शर्करा स्वतःसाठी वापरून टाकते, आणि भिजवलेले पाणी फेकून दिले की त्यात उतरलेला आणखी थोडा भाग निघून जातो.

आता दुसऱ्या ताटाकडे वळू. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर श्लेष्म्याचा, म्हणजे बुळबुळीत चिकट स्रावाचा, थर पसरलेला असतो. त्याची मुख्य वीण म्युसिन-२ नावाच्या प्रथिनाची असते, पण हे प्रथिन नावापुरतेच, कारण त्याच्या वजनाचा सुमारे ८० टक्के भाग शर्करांचा असतो. प्रथिनाच्या कण्यावर शर्करांच्या हजारो आखूड शाखा, बाटली घासायच्या ब्रशच्या केसांसारख्या, चारी बाजूंनी उभ्या असतात, आणि त्यांच्या टोकांवर फ्युकोज नावाची शर्करा, सियालिक आम्ल किंवा सल्फेट बसवलेले असते. ही टोके म्हणजे एक प्रकारची कुलुपे आहेत. ती काढल्याशिवाय आतली शर्करा मिळत नाही. २०२१ मध्ये असे दाखवण्यात आले की बी. थीटामधले सल्फेट काढणारे एकच विशिष्ट एन्झाइम नष्ट केले, तर मोठ्या आतड्यातील म्युसिनच्या या शाखांवर त्याला जगताच येत नाही, मग बाकीची सगळी हत्यारे हाताशी असोत.

हा थर फार दिवस नीट कोणी पाहिलाच नव्हता, आणि त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. ऊतींचे काप टिकवण्यासाठी प्रयोगशाळेत नेहमी फॉर्मलिन वापरतात. ते पाण्यातले द्रावण असल्यामुळे त्यात श्लेष्म्याचा थर आक्रसून धुऊन जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू थेट पेशींना टेकलेले भासतात. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या गुन्नार हॅन्सन यांच्या गटाने पाण्याऐवजी अल्कोहोलवर आधारलेले कार्नॉयचे द्रावण वापरून काप तयार केले आणि २००८ मध्ये दाखवून दिले की उंदराच्या मोठ्या आतड्यात हा थर दुहेरी असतो. बाहेरचा थर सैल असून त्यात जिवाणू वस्तीला असतात. पेशींना चिकटलेला आतला थर घट्ट असून त्यात जिवाणू जवळजवळ नसतातच. उंदरात हा आतला थर सुमारे ५० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही थोडा कमी भरतो. माणसात तो काहीशे मायक्रोमीटरपर्यंत जातो. कोट्यवधी जिवाणू आणि आपल्या पेशी यांच्यात जे अंतर आहे ते एवढेच, आणि ते सतत नवा श्लेष्मा सोडून राखले जाते.

श्लेष्मा खाणे हे मुळात वाईट नव्हे. ॲकरमन्सिया म्युसिनिफिला हा जिवाणू तर त्यातच पारंगत आहे. नेदरलँड्समधील वाखेनिंगन येथे म्युसिनशिवाय दुसरे कोणतेच अन्न न देता जे जिवाणू वाढतील ते शोधताना तो हाती लागला, २००४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अंतून ॲकरमन्स यांचे नाव त्याला देण्यात आले. निरोगी माणसांच्या आतड्यात तो सर्वसाधारणपणे आढळतो. शरीर श्लेष्मा तयार करते, जिवाणू बाहेरच्या बाजूने तो खातात, आणि जोवर तयार होण्याचा वेग खाण्याच्या वेगाच्या पुढे असतो तोवर कोणाचेच बिघडत नाही. या व्यवहारात शरीर कधी कधी जिवाणूच्या मागणीला प्रतिसादही देते. जिवाणूरहित वाढवलेल्या उंदरांच्या लहान आतड्याच्या पेशींवर फ्युकोज नीट तयार होत नाही, पण त्यांना बी. थीटा दिला की ते तयार होऊ लागते. हे १९९६ मध्ये गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत दिसले. पुढे असेही समजले की जिवाणूमधले फ्युकोज ओळखणारे एक प्रथिन फ्युकोज संपत आल्याचे हेरते आणि ते पुन्हा तयार करवून घेणारा संकेत आतड्याच्या पेशींना पोहोचतो.

दोन्ही ताटे समोर असताना बी. थीटा काय निवडतो, याचे स्पष्ट उत्तर २००५ मध्ये जस्टिन सोनेनबर्ग आणि गॉर्डन यांच्या गटाने दिले. जिवाणूरहित उंदरांच्या आतड्यात केवळ बी. थीटा वाढवला, काही उंदरांना वनस्पतींच्या बहुशर्करांनी समृद्ध खाद्य दिले आणि काहींना ग्लुकोज व साखर यांवर आधारलेले, म्हणजे लहान आतड्यातच शोषले जाऊन मोठ्या आतड्यापर्यंत काहीही न उरणारे, खाद्य दिले. पहिल्या गटात वनस्पती तोडणारे जनुकगट चालू होते. दुसऱ्या गटात ते मंदावले आणि त्यांच्या जागी म्युसिनच्या शर्करा तोडणारे गट चालू झाले. प्रयोगशाळेत एकाच वेळी अनेक बहुशर्करा समोर ठेवूनही हे तपासले गेले आहे: बी. थीटा आधी वनस्पतींच्या शर्करा संपवतो आणि म्युसिनच्या शाखा मागे ठेवतो. त्याचा चुलतभाऊ बॅक्टेरॉइड्स मॅसिलिएन्सिस मात्र उलट करतो, त्याला म्युसिनच आधी लागते. म्हणून सगळ्या जिवाणूंना एकाच मापाने मोजता येत नाही. कोणत्या जाती किती आहेत यावर त्या आतड्याचे वर्तन ठरते.

यापुढचा प्रयोग मला या विषयातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लक्झेंबर्गमधील महेश देसाई आणि मिशिगन विद्यापीठातील एरिक मार्टेन्स यांच्या गटांनी तो २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्या खाण्याच्या सवयी आधीच नोंदवल्या होत्या असे माणसाच्या आतड्यातील १४ जातींचे जिवाणू निवडून ते जिवाणूरहित उंदरांना दिले गेले. ज्या उंदरांच्या खाद्यात तंतू नव्हते त्यांच्या आतड्यात काही दिवसांतच ॲकरमन्सिया आणि बॅक्टेरॉइड्स कॅकी या म्युसिन खाणाऱ्या जाती वाढल्या आणि तंतू खाणाऱ्या जाती घटल्या. एक दिवस तंतूयुक्त आणि एक दिवस तंतूविरहित असे आलटून पालटून खाद्य दिले, तर ही वस्तीही रोजच्या रोज वरखाली होत राहिली. तंतूविरहित उंदरांमध्ये श्लेष्म्याचा थर कित्येक पटींनी पातळ झाला. मग त्यांना उंदरांच्या आतड्यात रोग निर्माण करणारा सिट्रोबॅक्टर रोडेंशियम हा जिवाणू दिला, तेव्हा या गटातील उंदरांना जीवघेणा आजार झाला, तर धान्य आणि वनस्पतींचे तंतू असलेले खाद्य खाणारे उंदीर त्यातून निभावले. तंतूविरहित खाद्य खाणारे पण जिवाणूच नसलेले उंदीर मात्र इतके आजारी पडले नाहीत. म्हणजे नुसत्या तंतूंच्या अभावाने नव्हे, तर उपाशी जिवाणूंनी थर कुरतडल्याने दार उघडले गेले. त्याच प्रयोगात शुद्ध स्वरूपात काढलेले विद्राव्य तंतू तंतूविरहित खाद्यात मिसळून दिले, तेव्हा म्हणावा तसा बचाव झाला नाही. प्रीबायोटिक, म्हणजे आतड्यातील जिवाणूंचे अन्न, म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि अख्खे धान्य यांना एकाच तराजूत घालता येत नाही, हे यातून दिसते. अर्थात या उंदरांकडे केवळ १४ जाती होत्या आणि त्यांचे खाद्य पूर्णपणे तंतूविरहित होते. माणसाच्या आतड्यात शेकडो जाती असतात आणि निकृष्ट आहारातही थोडे तंतू असतातच, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावणे बरोबर होणार नाही.

शरीरातील शर्करांचा आणखी एक साठा आहे, आणि तो तर मुद्दाम जिवाणूंसाठीच राखलेला दिसतो. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्ध पदार्थ यांच्या खालोखाल सर्वांत जास्त असलेला घन घटक म्हणजे दूधशर्करांच्या आखूड साखळ्या. लिटरमागे ५ ते १५ ग्रॅम, आणि त्यांचे दोनशेच्या आसपास प्रकार. बाळाला त्या पचत नाहीत. एवढी ऊर्जा खर्चून आईचे शरीर बाळाला न पचणारी वस्तू का तयार करते, या प्रश्नाचे उत्तर बाळाच्या आतड्यात राहणाऱ्या बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिसमध्ये आहे. त्याच्याकडे या साखळ्या आत ओढून घेण्याची आणि आतच पूर्ण तोडण्याची सगळी व्यवस्था आहे. तो वाढला की लॅक्टेट आणि ॲसिटेटमुळे आतड्यातील आम्लता वाढते आणि इतर अनेक उपद्रवी जिवाणूंना तिथे टिकणे अवघड जाते.

प्रतिजैविकांनी हा सारा हिशेब कसा विस्कटतो, तेही थोडक्यात सांगतो. बी. थीटा म्युसिनच्या टोकावरचे सियालिक आम्ल कापून काढतो, पण ते त्याला स्वतःला खाता येत नाही. एरवी ते शेजारी लगेच संपवतात. प्रतिजैविकाने शेजारी मारले गेले की ते आम्ल मोकळे साचते आणि साल्मोनेला आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हे रोगकारक जिवाणू त्यावर वाढतात. २०१३ मध्ये उंदरांमध्ये हे दाखवले गेले.

आहार बदलला तर माणसात काय होते, याचा एक स्वच्छ प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या २० आफ्रिकी-अमेरिकी व्यक्ती आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील २० व्यक्ती यांचा आहार दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केला गेला. अमेरिकी गटाला दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम तंतू आणि कमी स्निग्धांश असलेले जेवण मिळाले, तर आफ्रिकी गटाचे तंतू १२ ग्रॅमपर्यंत खाली आणले गेले. दोन आठवड्यांत अमेरिकी गटात ब्युटिरेटची निर्मिती वाढली आणि अस्तराची दाहकता व पेशींच्या विभाजनाचा वेग घटला. आफ्रिकी गटात याच्या नेमके उलट घडले. जिवाणू बदलायला वेळ लागत नाही, एवढे यातून नक्की दिसते. पण जे जिवाणू पूर्णच नाहीसे झाले ते परत येतात का, हा वेगळा प्रश्न आहे. सोनेनबर्ग यांच्या गटाने २०१६ मध्ये माणसाचे जिवाणू असलेल्या उंदरांना चार पिढ्या तंतू कमी असलेले खाद्य दिले. पहिल्या पिढीत तंतू परत दिल्यावर बहुतेक जाती पुन्हा दिसू लागल्या, पण दर पिढीला आणखी काही जाती पिल्लांपर्यंत पोहोचल्याच नाहीत, आणि चौथ्या पिढीत नुसते तंतू देऊन भागले नाही. हरवलेल्या जाती बाहेरून आणून द्याव्या लागल्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतूंची शिफारस केली आहे. हा आकडा एकाच पदार्थाने भरून काढला तर जिवाणूंच्या दृष्टीने फारसे साधत नाही, कारण प्रत्येक जनुकगटाला त्याचे स्वतःचे कर्बोदक लागते. इसबगोल पाणी धरून ठेवते आणि शौचाला मदत करते, पण त्याचे किण्वन अगदी थोडे होते, म्हणून ब्युटिरेटच्या हिशेबात त्याची जमा नगण्य आहे. ज्वारी-बाजरीतील अरॅबिनोझायलन, गवारीच्या बियांतील गॅलॅक्टोमॅनन, कांदा-लसणातील फ्रुक्टन, पेरूतील पेक्टिन, कच्च्या केळ्यातील घट्ट पिष्ट यांची गिऱ्हाइके निरनिराळी आहेत. शिजवलेला भात थंड झाला की त्यातील पिष्टाच्या काही माळा पुन्हा घट्ट जुळतात आणि अमायलेजला दाद देत नाहीत. तोच भात दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकला तरी हा न पचणारा हिस्सा बराचसा टिकतो, मात्र भात रात्रभर बाहेर न ठेवता लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवलेला असावा. ज्यांच्या जेवणात आजवर तंतू कमी होते त्यांनी कडधान्यांचे आणि भरड धान्यांचे प्रमाण एकदम न वाढवता काही आठवड्यांत हळूहळू वाढवावे. सुरुवातीला वायू जास्त होतो, कारण न पचलेल्या शर्करा अचानक वाढलेल्या असतात आणि त्यांवर जगणाऱ्या जातींची संख्या अजून स्थिरावलेली नसते. पुढे तेवढ्याच उसळीचा त्रास बहुतेकांना कमी जाणवतो.